वन्संनी न लिहिलेली टीप

माझ्या थोरल्या नणंदेने सत्तावीस वर्षं एकाच लॅबमध्ये काढली. काम नोंदी सांभाळायचं. पेशंटचं नाव, वय, कुठली तपासणी, काय निघालं, हे सगळं ज्या डेटाबेसमध्ये जातं तो वन्संनीच उभा केलेला. कपाटाला खण असावेत तशी त्यात टेबलं, आणि टेबलात कॉलम. चारशेच्या वर कॉलम, आणि त्यातल्या काहींची नावं के-सात, पी-तीन अशी. प्रत्येक कॉलमशेजारी टीप लिहायला जागा असते म्हणे. ती सगळीकडे कोरी.

"लिहून का ठेवत नाही हो, वन्सं?" मी एकदा वाढता वाढता विचारलं.

"लिहिलं की मला कोण विचारणार?" त्या हसत म्हणाल्या.

त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. घरात त्यांना फारसं कोणी काही विचारत नसे, मीही नाही, हे कबूल करते. लॅबमध्ये मात्र दिवसातून दहादा कोणीतरी खुर्चीशी यायचं. ताई, हे काय? ताई, ते कुठे?

मागच्या वर्षी साहेबांनी नवी सिस्टीम आणायचं ठरवलं. जुन्यातलं काय काय नव्यात न्यायचं, याचा आराखडा करायला एआय एजंट लावला. डेटाबेस बघायला त्याला एक साधन दिलं होतं, फक्त वाचणारं. टेबलं कुठली, कॉलम कुठले, कोण कोणाला जोडलेलं, टीप काय, एवढंच त्यातून दिसायचं. पेशंटच्या नोंदी दिसत नव्हत्या, आणि काही बदलता तर येतच नव्हतं.

"पाहुणा आहे गं," वन्सं घरी म्हणाल्या. "दारातून घर बघून जाईल. कुठल्या डब्यात काय, त्याला काय कळतंय!"

पाहुण्याने एका सकाळीत सगळं घर मांडून दाखवलं. नावांवरून, जोडण्यांवरून जवळजवळ सगळ्या कॉलमचे अर्थ त्याने बरोबर लावले. त्या दिवशी वन्संचा डबा न उघडता परत आला. त्याला एकच अडला, के-सात. त्याच्यापुढे त्याने सरळ लिहिलं होतं: अर्थ कळला नाही, टीप नाही, माहीतगाराला विचारून घ्या.

साहेब तो कागद घेऊन वन्संकडे आले. "ताई, हा के-सात कशाला आहे?"

"सगळं कळतं ना त्याला? त्यालाच विचारा."

"अहो, तोच म्हणतोय तुम्हाला विचारा."

"मग आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला म्हणायचा," असं म्हणून वन्सं चहाला उठून गेल्या. खोलीतले सगळे हसले, साहेबही. वन्संना वाटलं, नेहमीसारखे परत येतील, थोडी मनधरणी करतील. साहेब परत आले नाहीत. त्यांच्या मागे शंभर कामं. त्यांनी के-सातवर काट मारली.

के-सात म्हणजे एवढंच, की याच नावाची, याच वयाची दुसरी पेशंट आहे. तिथे खूण असली की जुनी सिस्टीम रिपोर्ट छापण्याआधी थांबायची आणि जन्मतारीख विचारायची.

नवी थांबली नाही. एकाच नावाच्या, बावन्न वर्षांच्या दोन बायका. जिच्या रक्तात आजार होता तिला सांगितलं, सगळं ठीक आहे. दुसरीला आजार सांगितला. तिने परगावची मुलं बोलावून घेतली, रडारड झाली, मग कोणीतरी म्हणालं म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये गेली, तेव्हा उलगडा झाला. मधे एकोणीस दिवस गेले. ते दिवस आजारी बाई जिने चढत-उतरत कामावर जात होती, थकवाच आहे म्हणत. एकोणीस दिवसांनी किती फरक पडला, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

साहेबांनी चूक आपल्या अंगावर घेतली. वन्संचं नाव कुणी काढलंही नाही. स्वयंपाकघरात येऊन त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"विचारा म्हणून लिहिलं होतं गं त्याने. आणि साहेब आले पण होते."

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, वन्सं. देव बघतो."

"मनात काय होतं ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, के-सात परत घालून घेतला. मग तीन आठवडे बसून एकेका कॉलमची टीप लिहिली. आता पाहुणा वाचतो आणि ज्याला हवं त्याला सांगतो. वन्संच्या खुर्चीशी कोणी येत नाही. त्या वेळेवर जातात, वेळेवर येतात.

त्या आजारी बाईला आम्ही पाहिलेलं नाही. मी रोज देवापुढे हात जोडून तिचं नाव घेते. परवा वन्सं मागे येऊन उभ्या होत्या, मला कळलंच नाही.

"नुसतं नाव नको," त्या हळूच म्हणाल्या. "जन्मतारीख पण सांग."