रेकॉर्डवर नसलेल्या बाई

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे 'खरखर' म्हणतात. बरोबरच आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी आलं की जुन्या पॉप गाण्यांच्या रेकॉर्डी लावून बसायचं. त्यात गाणं कमी आणि खरखर जास्त. बरं, गाणाऱ्याचं त्याला काही पडलेलं नाही. मागे गिटार कुणाची, ड्रम कुणाचे, ते याला हवं. त्या लोकांची नावं रेकॉर्डीवर छापायची पद्धतच नव्हती. वाजवा आणि घरी जा. मग हा त्यांना हुडकत फिरतो. लग्नाचं राहिलं ते राहिलंच. माझ्या जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डी, पलंगाखाली रेकॉर्डी. एकदा वैतागून म्हटलं, "मी मेल्यावर मला कशी ठेवशील रे, आडवी की उभी?" तर म्हणतो, "उभीच. आडव्या ठेवल्या की वाकतात."

यंदा त्याला घबाड मिळालं. कुणालाच न आठवणाऱ्या एका गाण्यावर ड्रम वाजवणारी बाई होती, असं स्टुडिओतल्या एका म्हाताऱ्या साउंडवाल्यानं सांगितलं. त्या काळात ड्रमवर बाई! खरखर हरखून गेला. विचारत विचारत त्यानं बाईंचं घर गाठलं. बाईंनी ऐंशी ओलांडलेली. लग्नानंतर ड्रम सुटले ते सुटलेच. गाणं बाजारात आलं की नाही, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. आणि मुलीला तर आई थापा मारते असंच जन्मभर वाटत आलेलं. आमचा शहाणा तिथे छातीठोकपणे सांगून आला, "रेकॉर्ड माझ्याकडे आहे. रविवारी या, ऐकवतो."

रविवारी सकाळी तो बेसिनपाशी ती रेकॉर्ड धूत होता. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी तसं सगळं. मी चहा टाकला होता. एकदम त्याचा हात थांबला. रेकॉर्ड खिडकीकडे तिरकी धरून तो बघतच राहिला.

"ताई, चष्मा दे."

"तुझ्या नाकावर आहे."

"मग तुझा दे."

गाणं संपतं तिथे, लेबलाच्या कडेला, कारखान्यात कोरलेला बारीक नंबर असतो. त्या नंबराच्या शेवटी जो ओरखडा आहे असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं, तो 'दोन' निघाला, म्हणजे दुसऱ्यांदा केलेलं रेकॉर्डिंग. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. गाणं दोनदा रेकॉर्ड झालं होतं, साउंडवाल्यानं सांगितलं होतं त्याला. पहिल्यांदा बाई होत्या. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला ते आवडलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा एका पुरुषाला बसवलं. पण ते दुसरं बाहेर आलंच नाही, असं साउंडवाला म्हणाला होता, आणि यानं ते खरं मानलं.

"मग पहिल्या वेळची रेकॉर्ड?"

"निघाल्या असतील थोड्या. मी एकही बघितलेली नाही."

"मग गप्प बस की! ड्रम ते ड्रम. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, ताई."

फोन लावला, तर त्या घरातून निघालेल्या. मग हा बेसिनपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायला लागला, दोनदा शर्ट बदलला. मला त्याचा असा संताप आला होता! कशाला बढाया मारायच्या? आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

बाई कडक इस्त्रीचे कपडे घालून आल्या होत्या. मुलीनं रेकॉर्डिंगसाठी मोबाईल हातात तयारच ठेवला होता. खरखरनं त्यांना नीट बसूही दिलं नाही. "यावर तुम्ही नाही आहात," तो चाचरत म्हणाला, "हे दुसऱ्यांदा केलेलं, ड्रमवर दुसराच कुणी आहे. माझी चूक झाली."

मुलीनं मोबाईल पर्समध्ये टाकला. "बघ, आई," एवढंच म्हणाली. एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

बाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "लाव तरी. माझ्या जागी कुणाला बसवलं ते बघू दे."

गाणं सुरू झालं. बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. "बरा वाजवतोय मेला," म्हणाल्या. मग एकाएकी हात वर केला. "आता सगळे थांबतील. नुसता ट्रम्पेट." सगळे थांबले, नुसता ट्रम्पेट. "आता गाणारा शब्द विसरल्यासारखं करेल आणि हसेल. मालकानं मुद्दाम शिकवलेलं." गाणारा अडखळला आणि हसला.

मुलगी आईकडे बघायला लागली. "तू हे कधी ऐकलंस?"

"ऐकलं कुठे? मी तिथे होते."

खरखरनं सुई उचलली. बाईंनी त्याला विचारलं, "मग माझं कुठे आहे?"

"असेल कुणाच्या तरी घरात. शोधतो मी."

"किती दिवस लागतील?"

मेल्याला तेव्हाही खोटं बोलता आलं नाही. "ही सापडायला अकरा वर्षं लागली."

बाई हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. मुलगी खाली वाकून रडत होती. डोळे पुसून ती खरखरला म्हणाली, "कुठे कुठे शोधायचं असतं, मला सांगा. मी येते."

आता दर सुट्टीला ती दोघं भंगारवाल्यांची आणि जुन्या सामानाची दुकानं पालथी घालतात. संध्याकाळी बाईंचा फोन येतो, "सापडली का?" नाही म्हणायला जिवावर येतं. पण फोनला थोडा जरी उशीर झाला, तर खरखर हातातलं सोडून फोनकडे बघत बसतो, आणि मीही.