बदल असल्यास वहिनींना फोन करावा

वहिनी फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. ‘हं, बोल’ म्हणायच्या, तेही अशा सुरात की आपण मघापासून बोलतच होतो, मध्ये कुणी बेल वाजवली म्हणून जरा थांबलो एवढंच. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला, हात मेथी निवडण्यात गुंतलेले. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या त्यांच्या फ्लॅटवर मी किती वेळा गेलो, पण त्यांचा डावा खांदा सरळ असलेला मला फारसा आठवत नाही.

त्यांचे यजमान पूर्वी बोटीवर चीफ इंजिनियर होते, पुढे इथल्याच एका ऑफिसात लागले. त्यांना सगळे चीफसाहेब म्हणत. वहिनी मात्र सगळ्यांच्याच वहिनी, त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्यांच्यासुद्धा. आमच्या छोट्याशा मंडळात मराठी घरांची यादी त्या सांभाळायच्या. कोण कुठे राहतं, घरात कोण कोण, बोटीवरचा कुणी दोन दिवस किनाऱ्यावर उतरला तर कुणाकडे त्याची सोय होईल. हे सगळं आधी त्यांच्या डोक्यात होतं. मी आयटीतला, पुण्याहून नुकताच आलेला, हात शिवशिवत होते. मी ते कॉम्प्युटरवर आणलं.

यादी सगळ्यांना बघता यायची, पण हात लावता यायचा नाही. नावावर टिचकी मारली की फॉर्म उघडायचा, त्यातले सगळे रकाने करडे, कुलूपबंद. हे कुलूप मीच घातलं होतं. सुरुवातीला सगळं मोकळं ठेवलं तेव्हा कुणाचा तरी अंगठा भलतीकडे पडला, बेडोकच्या एका कुटुंबाचा पत्ता बदलला आणि त्यांचा दिवाळीचा फराळ एका अनोळखी चिनी आजोबांच्या दारात जाऊन पोचला. आजोबांनी चकल्या संपवून डबा धुऊन परत केला. त्यानंतर मी फॉर्म बंद केला आणि खाली एक ओळ टाकली : बदल असल्यास वहिनींना फोन करावा.

आता वहिनींना फोन करून पत्ता बदलायचा म्हणजे दोन मिनिटांचं काम नव्हे. ‘नवा पत्ता सांगतो’ म्हटलं की त्या म्हणायच्या, ‘पत्ता लिहिते रे. घर का बदललंस ते आधी सांग.’ आणि माणूस सांगायचा. एकजण मोठ्या फ्लॅटमधून कुणाच्या तरी घरातल्या एका खोलीत राहायला गेला होता. वहिनींनी बायकोची चौकशी केली तेव्हा एकेक बाहेर आलं. नोकरी गेली होती, बायकोला नाशिकला पाठवलं होतं आणि आईवडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. नवी नोकरी लागेपर्यंत तो रात्री चीफसाहेबांच्या पंगतीला असायचा. एका मुलीने नुसता फोन नंबर बदलायला फोन केला, तर तिला सातवा महिना लागलाय आणि आईला येता येणार नाही, हे वहिनींनी काढून घेतलं. मग डिंक आणायला मला लिटिल इंडियात पिटाळलं. ‘ऑनलाइन मिळतो’ असं कुरकुरत मी गेलो.

मी कुरकुरायचो फार. माझं घर बदललं तेव्हा वहिनींचा फोन एवढा लांबला की ऑफिसची एक मीटिंग हुकली. त्यातच मंडळात नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी मला चारचौघांत ऐकवलं, की या जमान्यात पत्ता बदलायला फोन करावा लागतो आणि तुम्ही स्वतःला आयटीवाले म्हणवता. ते मला झोंबलं. शनिवारी बसून मी फॉर्मवर ‘एडिट’चं बटण बसवलं आणि खालची ती ओळ काढून टाकली. ज्याने त्याने आपला रकाना उघडावा, बदलावा, सेव्ह करावा. वहिनींचा त्रास वाचेल, असं मी मनाशी म्हणत होतो. खरं म्हणजे मला त्या गृहस्थांचं तोंड बंद करायचं होतं.

वहिनींना दाखवायला मी लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि सगळं नीट बघितलं. मग विचारलं, ‘कुणी हे दाबलं की मला कळेल का?’

‘कळायची गरजच नाही वहिनी,’ मी म्हणालो. ‘आपोआप होतं. आता कुणालाच फोन करायची गरज नाही.’

‘छान केलंस,’ त्या म्हणाल्या, आणि निघताना चिवड्याचा डबा हातात दिला. एवढ्या हुशार माणसाला त्यांचा चेहरा वाचता आला नाही.

सगळ्यांनी बटणाचं कौतुक केलं. पत्ते भराभर बदलू लागले. मीही माझ्या कामात बुडालो, आणि वहिनींना फोन करायला काही कारणच उरलं नाही. कारण नसताना फोन करावा, हे सुचलं नाही.

गणपतीच्या आधी मोदकांचं विचारायला फोन केला, तर नंबर बंद. चोआ चू कांगला गेलो. दार एका चिनी बाईंनी उघडलं. ‘दे मूव्ह आउट ऑलरेडी लाह. लाँग टाइम.’ तिथेच जिन्यात उभं राहून मी मोबाइलवर यादी उघडली. वहिनींच्या नावापुढे चिपळूणचा पत्ता होता आणि भारतातला नंबर.

फोन लावला. चीफसाहेबांची नोकरी अचानक गेली होती. त्याबरोबर इथे राहण्याचा पासही रद्द झाला, महिन्याभरात घर आवरून निघायचं होतं. चीफसाहेबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं, त्यामुळे खोकी बांधणं, फर्निचर विकणं, सामान खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत नेणं, सगळं वहिनींनी एकटीने केलं. ज्या बाईने निम्म्या मराठी सिंगापूरचे संसार लावून दिले, तिचा संसार उचलायला एक माणूस नव्हता.

‘वहिनी, मला का नाही कळवलंत?’

‘कळवलं की रे. तू दाखवलंस तसं बटण दाबलं, पत्ता बदलला, सेव्ह केलं. झालंय ना नीट, ते परत उघडून बघितलं.’ मग म्हणाल्या, ‘वाटलं, बघेल कुणीतरी.’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी माफी तरी मागितली असती. त्या उलट माझ्या प्रमोशनचं विचारत राहिल्या आणि मी लाजेने ‘हो, हो’ करत राहिलो.

त्याच आठवड्यात मी बटण काढून टाकलं. खालची ओळ परत घातली आणि वहिनींच्या जागी माझं नाव लिहिलं. काही दिवसांनी पहिला फोन आला. वुडलँड्सला राहायला गेलेली कुणी मुलगी होती. तिने ब्लॉक नंबर सांगितला, मजला सांगितला, पिनकोड सांगितला. आवाज बसलेला होता, मागे बाळ रडत होतं. मी लिहून घेतलं.

‘अजून काही?’ मी विचारलं.

‘नाही, एवढंच,’ ती म्हणाली. पण तिने फोन ठेवला नाही. मी पिनकोड पुन्हा एकदा वाचून दाखवला. शेवटी मी ‘थँक्यू’ म्हणालो आणि फोन ठेवून दिला.