आठवड्याच्या चौदा गोळ्या

मी मोजून देते आणि मोजून घेते, असं माझ्या सासूबाई चारचौघांत सांगायच्या, आणि ते कौतुक नव्हतं. औषधांच्या खिडकीमागे मात्र हाच दुर्गुण कामाला आला. नव्वदच्या दशकात नवऱ्याची बदली लखनऊच्या छावणीत झाली. फार्मसीची पदविका मी सांगलीहून येताना ट्रंकेच्या तळाशी घालून आणली होती. चारबाग स्टेशनच्या मागे एका धर्मादाय दवाखान्यात सकाळची नोकरी मिळाली. डॉक्टर म्हातारे होते, भले होते आणि कानाने अधू होते. औषधांचा सगळा कारभार माझ्याकडे होता.

गुरुवार फिट्सच्या पेशंटांचा. ‘मिरगी’ हा शब्द खिडकीपाशी कुणी उच्चारत नसे, ‘वही वाली दवा’ म्हणत. माझा नियम एकच होता. प्रत्येकाने आपली डबी आणायची आणि मी उरलेल्या गोळ्या मोजायच्या. जास्त उरल्या तर खाल्ल्या नाहीत, कमी उरल्या तर कुणाला तरी वाटल्या. दोन्हीबद्दल बोलणी खावी लागत. ‘मराठी बहनजी बहुत सख़्त हैं,’ असं रांगेत कुजबुजत, आणि मला ते ऐकून बरंच वाटायचं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर फिट्सवरच्या फेनोबार्बिटोन गोळीचा पुरवठा आटला. गोळी इतकी स्वस्त की ती बनवण्यात कुणालाच रस उरला नसावा. औषधांच्या डेपोतून ‘माल नहीं है’ एवढंच उत्तर यायचं, तेही फोन चार वेळा लावल्यावर. मी अमीनाबादची घाऊक दुकानं पालथी घातली, हज़रतगंजचे केमिस्ट झाले. सगळ्यांनी हात वर केले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नवरा म्हणाला, “आता तू स्वतः कारखाना काढणार आहेस का?” मी त्याच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

कपाटात हजार गोळ्यांचे दोन डबे होते आणि एक अर्धा. मी ठरवलं की महिन्याचं औषध कुणालाही द्यायचं नाही. दर गुरुवारी या, आठवड्याचं न्या. असं केलं तर कुणी साठा करणार नाही आणि कुणी रिकाम्या हाताने जाणार नाही. डॉक्टरांनी मान हलवली. ज्यांना शक्य होतं त्यांना त्यांनी हळूहळू दुसऱ्या औषधावर नेलं. बाकीच्यांची भिस्त त्या डब्यांवर होती, आणि डबा दर आठवड्याला हलका लागत होता. रात्री अंथरुणावर पडलं की मला उरलेल्या गोळ्यांचे आकडे दिसायचे.

त्या बाकीच्यांत एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. रात्री दोन गोळ्या घ्यायची, आणि तीन वर्षांत तिला एकही फिट आली नव्हती. तिची आई तिला घेऊन यायची. बारीक, नीटनेटकी बाई, कायम ‘आप’ म्हणणारी, रांगेत स्वतःच्या पुढे दुसऱ्याला जाऊ देणारी. मुलीचं लग्न ठरलं होतं. सीतापूरकडचं घर, देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी, एकादशीनंतरचा मुहूर्त. सासरच्यांना आजाराची कल्पना नव्हती, आणि ती द्यायची नाही असं घरात ठरलं होतं. डॉक्टर यावरून आईला एकदा रागावले होते. ती खाली मान घालून ऐकत राहिली होती.

टंचाईच्या आधीच आईने मला विचारलं होतं, “बहनजी, शादी के बाद ये हर महीने कैसे आएगी? छह महीने की दवा एक साथ दे दीजिएगा, हम कपड़ों में रख देंगे।” मी हो म्हटलं होतं. आता मला शब्द फिरवावा लागला. चौदा गोळ्या, त्याही दर गुरुवारी. मला वाटलं ती रडेल, निदान वाद घालेल. तिने दुपट्टा सारखा केला आणि म्हणाली, “कोई बात नहीं। आपके हाथ में थोड़े ही है।”

मी तिच्या समजूतदारपणावर खूश झाले. रांगेतल्या दुसऱ्या लोकांना तिचं उदाहरण दिलं, असंही आठवतं. लाज वाटते आता.

पुढचे गुरुवार वाईट गेले. एक रिक्षावाला भर रस्त्यात कोसळला आणि त्याचे पुढचे दात गेले. त्याने स्वतःच्या गोळ्या आजारी भावाला दिल्या होत्या. दवाखान्यात शिरताना आज कोण आलं नाही हे मी आधी बघायची. धुकं पडू लागलं, लोक उशिरा येऊ लागले, आणि एखादा चेहरा दिसेपर्यंत मी रांग पुन्हा पुन्हा मोजायची. ही मुलगी मात्र वेळेवर हजर. डबीत बरोबर दोन गोळ्या, त्या रात्रीच्या.

आणि ती बदलत होती. या गोळीने माणूस जरा पेंगुळतो. तीन वर्षं मी तिला सावकाश, शब्द शोधत बोलताना पाहिलं होतं. आता ती टवटवीत दिसू लागली. डबी स्वतः उघडून द्यायची, माझ्या आधी मोजून मोकळी व्हायची. एकदा माझ्या हिंदीवर हसलीसुद्धा. मी आईला म्हटलं, “शादी की हवा लगी है इसको।” आई हसली आणि बोटांनी खिडकीचा कठडा पुसत राहिली.

मी औषधांचं शिकलेली बाई. गोळीने पेंगुळणारी मुलगी एकाएकी तरतरीत होते, याचा अर्थ मला खिडकीतच कळायला हवा होता. डबीतल्या दोन गोळ्या बघून मी समाधान मानलं.

लग्नाला तीन दिवस होते त्या गुरुवारी रांग संपली तरी त्या दोघी आल्या नाहीत. लग्नघर आहे, उद्या येतील, असं मी मोठ्याने म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. शुक्रवारी सकाळी तिचा काका डॉक्टरांची जुनी चिठ्ठी मागायला आला. घरात तीन रात्री ढोलक चालला होता, गाणी, पाहुणे, जागरण. बुधवारी पहाटे, हळद लागायच्या आधी, मुलीला फिट आली. ती ओसरते तोवर दुसरी. हॉस्पिटलात नेलं तरी थांबेनात. काका चिठ्ठी घेऊन धावत गेला. त्याच संध्याकाळी ती गेली.

पुढच्या आठवड्यात डेपोतून माल आला. सीलबंद डबे, चांगले सहा. मी ते कपाटात लावले आणि कपाटाचं दार बंद केलं.

तेरावा झाल्यावर आई एकटी आली. गुरुवार नव्हता, रांगही नव्हती. तिने कापडाची एक शिवलेली थैली कठड्यावर ठेवली. मी ती उघडली. आत गोळ्या होत्या. मोजायची गरज नव्हती, पण हात मोजू लागले. एकोणपन्नास. सात आठवडे रोज एक. दोनातली एक मुलीला, एक थैलीत.

“ससुराल के लिए जोड़ रहे थे,” ती म्हणाली. “वहाँ कौन देता? सोचा, अभी तो हमारे पास है, हम देख लेंगे। किसी और के काम आ जाएँगी, आपके यहाँ कमी है न।”

कमी आता नव्हती. मी ते सांगितलं नाही. माझ्या मागे कपाट बंद होतं, एवढं बरं.

ती जायला वळली आणि थांबली. “बहनजी, एक बात बता दीजिए। आप तो पढ़ी-लिखी हैं। आधी दवा से हुआ क्या? हमसे हुआ?”

मला रडू येत होतं आणि तिचा भयंकर रागही येत होता. एका शब्दाने विचारलं असतंस तर, असं ओरडावंसं वाटलं. पण विचारणार कुणाला? शब्द देऊन फिरवणारी मीच होते.

“नहीं,” मी म्हणाले. “बीमारी ही ऐसी है। आपसे कुछ नहीं हुआ।”

तिने मान डोलावली. हात जोडले, पायरीवरून सांभाळून उतरली आणि चारबागच्या गर्दीकडे चालू लागली. मला तिला हाक मारायची होती. तिची चूक मी एका खोट्याने पुसून टाकली होती, पण सात गुरुवार तिच्या मुलीचा चेहरा माझ्यासमोर होता आणि मी डबी मोजत बसले, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीत उभी राहिले, आणि हाक मारली नाही.