सव्वादोनचा चुडा

माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या, डोहाळजेवणाची यादी करत बसले होते, तेव्हा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या जुन्या शेजारणीचा फोन आला. "अगं, बिल्किसचाची गेली की. काल माती पण झाली. तुला कुणी कळवलं न्हाय?" नाही कळवलं. का कळवावं? यादीत पहिलीच ओळ होती, 'बांगड्या – चाचीला बोलावणे'. त्या बोलावण्याचं धाडस मी वर्षभर गोळा करत होते... त्या फोनला आता तीन आठवडे झाले.

बिल्किसचाची आमच्या घरची बांगडीवाली. पेठेत तिचं दुकान म्हणजे राहत्या खोलीचीच पुढची बाजू, पण लग्नकार्यात ती पेटी घेऊन घरी यायची. माझा लग्नाचा चुडा तिनं भरला, सातव्या महिन्यातलाही तिनंच. माप घ्यायला तिला कधी काही लागलं नाही. हात हातात घेऊन अंगठ्याखालचं हाड जरा दाबायची आणि "सव्वादोन" म्हणून मोकळी व्हायची. मी पहिल्यापासून रडकी. बांगडी हाडावर आली की ओरडायचे. "ढिला सोड गं बेटा. माझ्या हातात दिलास ना? मग आता तो माझा हात हाय," असं ती म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. चुडा भरून झाला की भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा, ही आमची रीत. माझी सासू सोवळ्याओवळ्याला भारी कडक, पण चाचीपुढे तीही वाकायची. यात काही विशेष आहे असं दोघींनाही कधी वाटलं नाही.

पुढे आम्ही पेठ सोडून 'जुळे सोलापूर' या नव्या भागात फ्लॅट घेतला, तरी बांगड्या भरायला मी पेठेतच जायचे. मुक्ता दहावीत असताना चाचीनं तिचा हात दाबला आणि खूश झाली. "ही पण सव्वादोनच! हिच्या लग्नाला मला बोलवू नको. मीच येणार."

मुक्ताचं लग्न ठरलं आणि नेमकी निवडणूक आली. कॉलनीत सभा झाली, पत्रकं वाटली गेली. लेकीसुनांचे हात परक्यांच्या हातात देऊ नका, असं त्यात होतं. ते वाटणाऱ्या पुढाऱ्याची आई चाचीकडेच बांगड्या भरते हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी हसले. मग धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पाव्हणे काय म्हणतील? या वेळी आपल्यातला माणूस बघू की." माझं हसू गेलं. मला कुणी धमकावलं नव्हतं, हे सांगायलाच हवं. कार्यात वाद नको, एवढंच मी मनाशी घोकलं आणि चाचीला फोन केला. "चाची, मुक्तानं पुण्याहून तयार चुडा आणलाय." तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी बाई! चाची म्हणाली, "असू दे की. पोरींची हौस लई असती."

तरी ती आलीच. चुड्याच्या सकाळी, पेटी न घेता, कागदाची एक पुडी छातीशी धरून. हॉलमध्ये दुसराच माणूस बांगड्या भरत होता. माझं खोटं तिथंच उघडं पडलं. तेवढ्यात बांगडी अडली, फुटली आणि मुक्ताच्या हातातून रक्त आलं. "चाची!" म्हणत तिनं हात पुढे केला. चाची दोन पावलं पुढे आली. "तुम्ही राहू द्या," दीर म्हणाले. चाचीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. घरात वीस माणसं होती, पण बोलायचं होतं ते मी. मी म्हणाले, "चाची, चहा घेऊन जा..."

ती चहा प्यायली. कप स्वतःच मोरीत विसळून ठेवला, जे आमच्या घरात तिनं कधी केलं नव्हतं. आणि पुडी तशीच घेऊन गेली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले नाही.

फोन आल्यावर मी पेठेत गेले. दुकानात तिची सून, रेश्मा, बसली होती. मी रडत सगळं सांगू लागले, तर ती गोंधळली. "अम्मी तर असलं काय बोलली न्हाय." मग आत जाऊन तिनं ती पुडी आणली. "लग्नातनं आली आन् हे कपाटात ठेवलं. म्हटली, फुटू देऊ नको. सातव्या महिन्यात लागतील. मुक्ताची आई येईल न्यायला."

वर्षभर मी गेले नाही. रिक्षानं वीस मिनिटांची वाट.

डोहाळजेवण येत्या रविवारी आहे. रेश्मा बांगड्या भरायला येणार आहे, आणि ज्यांना चालणार नसेल त्यांनी येऊ नये, असं मी दिरांना तोंडावर सांगितलंय. चाची असताना एवढं बोलले असते तर... पुडी माझ्या कपाटात आहे. दोऱ्याची गाठ चाचीनं मारलेली आहे. ती रेश्मानंच सोडावी. मला ती सोडवत नाही.