भागवतकाका आणि न गळणारा रेग्युलेटर

लेथखाली दिवसभर लोखंडाचा कीस पडतो. संध्याकाळी झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच. आमच्या वर्कशॉपमधल्या किश्शांचं तसंच आहे. फरक एवढाच, की कीस भंगारवाला नेतो, आणि किस्से न्यायला कुणी येत नाही, मग ते मीच सांगत बसतो.

बुऱ्हाणपूरला लालबाग रोडवर माझं वर्कशॉप आहे. पॉवरलूमचे शाफ्ट, केळीवाल्यांच्या मोटरपंपाचे बुश, असली कामं. गिऱ्हाईक येतं, काम घेऊन जातं. पण दोन माणसं अशी की काम असो वा नसो, दुपारच्या चहाला हजर! एक पाठकसर, फिजिक्सचे रिटायर्ड मास्तर. दुसरे भागवतकाका, वाफेच्या इंजिनांचे जुने फिटर. रेल्वेच्या शेडमधून रिटायर होऊन जमाना झाला, पण खिशातलं फडकं अजून तेलकट.

काका पहिल्यांदा आले तेव्हा सरळ खडू मागितला आणि माझ्या फरशीवर उकिडवे बसून चित्र काढायला लागले. म्हणाले, "दिलीप, असा एक वॉल्व करून पाहिजे. रेग्युलेटरचा."

रेग्युलेटर म्हणजे इंजिनाचा नळच म्हणा ना. ड्रायव्हरने दांडा ओढला की बॉयलरमधली वाफ सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन चालतं. दांडा बंद केला की थांबतं. म्हणजे थांबायला पाहिजे.

मी विचारलं, "काका, पण हा लावायचा कोणत्या इंजिनाला? वाफेची इंजिनं तर कधीच भंगारात गेली."

काका चित्रावरून नजर न काढता म्हणाले, "म्हणूनच. आता घाई कुणाला आहे?"

मी डोक्याला हात लावला. पण काम घेतलं.

*

काकांना गळता नळ सहन होत नाही. निंबोल्याला एका लग्नात आम्ही तिघं एकाच पंगतीला बसलो होतो. वरण वाढलं गेलं आणि काका उठले. मला वाटलं पोटात दुखतंय की काय! बघतो तर हात धुवायच्या टाकीजवळ धोतर सावरून बसलेत आणि नळाची चकती काढून फडक्याने पुसतायत.

पंगत खोळंबली. नवरीचे वडील धावत आले. त्यांना वाटलं मांडववाल्याने प्लंबर पाठवला. म्हणाले, "हे झालं की तेवढं बाथरूमचं पण बघून घ्या हो, भाऊ."

काकांनी बाथरूमचं पण बघितलं.

पानावर परत आले तोपर्यंत वरण थंडगार झालेलं. सर चिडून म्हणाले, "भागवतराव, थेंब थेंब पाणी गळत होतं, जग बुडत नव्हतं." काका खाली मान घालून जेवत राहिले. नंतर पानाच्या टपरीवर मला एकट्याला म्हणाले, "थोडंच गळतंय असं म्हणू नये रे. थोडं काही नसतं."

*

दुसरी खोड गुटक्याची. कोणतीही गाडी उभी दिसली की काका तिच्या चाकाखाली लाकडाचा गुटका सारणार. माझी स्कूटर, दूधवाल्याची गाडी, काही म्हणा. वर्कशॉपच्या दाराशी मी त्यांच्यासाठी गुटक्यांचा ढीगच ठेवलाय.

एकदा फोपनारचा एक जण केळीचा टेम्पो घेऊन पंपाचा बुश न्यायला आला. काम झालं, तो गाडीत बसला, गिअर टाकला आणि टेम्पोने असा आचका दिला की वरचे दोनचार घड धाडकन रस्त्यावर! पोरगा खाली उतरला आणि सुरू झाला, "किसने लगाया ये? किसका दिमाग खराब है?"

मी पुढे होणार तेवढ्यात काका गेले. रस्त्यावरचा घड उचलून त्याच्या हातात दिला. म्हणाले, "केळीच पडली ना, बेटा? आदमी तो नहीं गिरा? मग जा."

पोरगा घड गोळा करून निघून गेला. मी आपला हसून हसून बेजार. संध्याकाळी सरांना रंगवून सांगितलं. सर एरवी असल्या गोष्टीला टाळी देणारे, पण त्या दिवशी हसले नाहीत. चष्मा पुसत बसले, आणि मग त्यांनी मला मुरलीचं सांगितलं.

*

मुरली म्हणजे काकांच्या बायकोचा, सिंधूकाकींचा, धाकटा भाऊ. एकुलता एक. आई-बाप लवकर गेले, काकींनीच त्याला वाढवला. काकांनी मेहुण्याला आपल्याच शेडमध्ये चिकटवला.

शेडमधली रीत अशी होती, की इंजिन उभं केलं की चाकाखाली गुटका लावायचा. कारण रेग्युलेटर कितीही बंद केला तरी जुने वॉल्व थोडी वाफ सोडतातच, आणि थोडी थोडी वाफ सिलिंडरमध्ये साठली की इंजिन आपलं आपण सरकतं. त्या दिवशी सकाळी काकांनी एका इंजिनाचा रेग्युलेटर नवा करून बसवला होता. स्वतःच्या हाताने घासलेला. घासकाम कसं झालंय ते बघायला फिटर लोक वॉल्व बसवून वर रॉकेल ओततात. खाली थेंब आला नाही तर पास. काकांच्या वॉल्वमधून एक थेंब आला नव्हता.

दुपारी इंजिन तापलं. मुरली तेलाची बुधली घेऊन खाली शिरायला निघाला आणि रिवाजाप्रमाणे गुटका शोधायला लागला. काका म्हणाले, "राहू दे रे गुटका. मी स्वतः घासलाय."

रॉकेल थंड होतं. वाफ गरम होती. तापल्यावर धातू फुगला, वॉल्व त्याच्या बैठकीवरून, म्हणजे सीटवरून, केसभर उचलला गेला, आणि इंजिन सरकलं.

सरांनी एवढंच सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशीपासून काकांच्या कामाला मी बाकीच्या कामांच्या आधी हात लावायला लागलो. त्यांना का ते कळलं असणार. पण बोलले ते एकदाच, भाऊबीजेला.

आपल्याकडे ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. भाऊबीजेच्या संध्याकाळी काका वर्कशॉपच्या चाव्या मागायला माझ्या घरी आले. म्हटलं, "काका, सणावाराचं काय काम काढलंय? घरी बसा ना काकींजवळ."

काका दाराबाहेरच उभे. म्हणाले, "ती आता गच्चीवर जाईल ताट घेऊन. मी घरात असलो तर खाली येताना मला बघून हसते रे ती. मला ते हसणं बघवत नाही."

"काकी कधी काही बोलल्या का?" माझ्या तोंडून गेलं.

"तेच तर," काका म्हणाले. "एक शब्द नाही. लोक म्हणाले, शेडमधले साहेब म्हणाले, मीच मला हजारदा म्हणालो. ती नाही. एकदा जरी म्हणाली असती की तुमच्यामुळे गेला, तर मी सुटलो असतो."

मी चाव्या दिल्या. मग वाटलं, सणाच्या दिवशी म्हातारा एकटा काय बसेल तिथे, म्हणून चपला घालून त्यांच्या मागे गेलो.

*

मध्यंतरी सरांनी टूम काढली, की एका स्टेशनाबाहेरच्या बागेत वाफेचं इंजिन शोभेला ठेवलंय, ते काकांना दाखवू. भाड्याच्या गाडीने गेलो. इंजिनाला झकास काळा रंग, पुढे झेंडूची झाडं, पोरं सेल्फी काढतायत. वर चढायला बंदी होती. काका सरळ चढले! वॉचमन शिट्ट्या मारत आला, सरांनी त्याला फिजिक्स सांगून अडवून धरला.

काकांनी आत जाऊन रेग्युलेटरच्या दांड्याला हात घातला. ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. मग वाकून बघितलं आणि तसेच उतरून आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"वेल्डिंग केलंय."

परतीच्या वाटेवर सरांना वाटलं आपण उगीच आणलं, ते खिडकीबाहेर बघत बसले. बुऱ्हाणपूर जवळ आल्यावर काका आपल्याशीच म्हणाले, "बरं केलं. कधी उघडणार नाही म्हणजे गळणार पण नाही."

*

वाफ कुठून आणायची, हा प्रश्न होता. आमच्या गावात सायझिंगचे कारखाने आहेत, तिथे सुताला कांजी लावतात आणि त्यासाठी बॉयलर असतो. एक ओळखीचे शेठजी तयार झाले. सुट्टीच्या दिवशी या, म्हणाले, बॉयलरवाला देतो, मला फक्त स्फोट नको.

पहिल्या खेपेला आमचा वॉल्व गार असताना रॉकेलवर पास झाला. मी खूश. वाफ सोडली आणि तापल्यावर पाइपाच्या तोंडाशी धुकं. अगदी बारीक, पण होतं. मी म्हटलं, "काका, रॉकेलला तर चांगला होता."

"थंड असताना सगळेच वॉल्व साधू असतात," काका म्हणाले आणि तो गरम वॉल्व फडक्यात बांधून घरी घेऊन गेले.

मग दर खेपेला तेच. पुढे सरांनी डोकं लावलं, की सीट आणि वॉल्व एकाच ओतकामातून काढा, म्हणजे तापले तरी दोघं सारखेच फुगतील. काकांनी त्यात आपली भर घातली. वॉल्व दांड्याला घट्ट न आवळता सैल टांगायचा, म्हणजे वाफच त्याला सीटवर दाबून बसवेल. भांडत भांडत दोघांनी ते ठरवलं, पण ठरवलं.

तोवर काकांचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीवर वाजायचा. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. घासकाम त्यांच्याने होईना. मी घासायचो आणि ते माझ्या मनगटावर हात ठेवून बसायचे. "हळू. दाबू नको. त्याला फिरू दे." थरथर माझ्या हातात यायची. मी काम थांबवून पाणी प्यायला उठायचो, कारण डोळे भरून आले तर सीट दिसत नाही. एकदा त्यांनी विचारलं, "दिलीप, माझ्या डोळ्यांदेखत होईल ना रे?" मी म्हटलं, होईल की. मला काहीएक माहीत नव्हतं.

*

आता परवाचं सांगतो.

सायझिंगला सुट्टी होती. नवा वॉल्व घेऊन आम्ही गेलो. पाइपाला जोडला, बॉयलरवाल्याने प्रेशर चढवलं, आणि एवढ्यात दारात रिक्षा थांबली. सिंधूकाकी. वर्कशॉपमध्ये सुद्धा कधी पाऊल न टाकलेली बाई. काकांच्या हातातला पाना खाली पडला.

"तू कशाला आलीस?"

कोपऱ्यात एक रिकामा पेटारा होता, काकी त्यावर जाऊन बसल्या.

काकांनी दांडा ओढला. पाइपाच्या उघड्या तोंडातून वाफ अशी गर्जत सुटली की अख्खी शेड पांढरी झाली. भरपूर तापू दिलं. मग काकांनी दांडा बंद केला. आवाज थांबला. हळूहळू एकमेकांची तोंडं दिसायला लागली.

सर टॉर्च घेऊन पाइपापाशी वाकले. बराच वेळ वाकून होते. मग उठून म्हणाले,

"बंद आहे, भागवतराव. पूर्ण बंद."

"नीट बघा. थोडं असेल."

मी बघितलं. काही नव्हतं. तसं सांगितलं. काका ऐकेनात. म्हणाले, अजून तापू द्या, आत्ता नाही कळत, मागाहून सुटतं ते. बॉयलरवाल्याने प्रेशर आणखी वाढवलं. काका दांडा धरून उभे, आणि तोंडाने एकच, थोडं असेल, थोडं असेल. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

तेव्हा काकी उठल्या. पदर खोचला, चालत पाइपापाशी आल्या आणि त्याच्या तोंडासमोर तळहात धरला. अगदी जवळ. मागे बॉयलरची सगळी वाफ, मध्ये फक्त तो वॉल्व.

बॉयलरवाला मेन कॉक बंद करायला धावला. काकी त्याला म्हणाल्या, "राहू दे, भाऊ. चालू राहू दे."

काका म्हणाले, "सिंधू, हात काढ. अगं, तापल्यावर काय होईल सांगता येत नाही. मलाच भरवसा नाही त्याचा."

काकी पाइपाकडे बघतच नव्हत्या. काकांकडे बघत होत्या.

"मला आहे," म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.