अकरा नावांचं पान

चारुलता आगाशेला कशालाच दम नव्हता. दुसऱ्यांची पानं वाढून होईपर्यंत हिचं जेवण उरकलेलं असायचं. चुलतभाऊ निमिषबरोबर तिने सांगलीच्या गावभागात वेबसाइटी करून देण्याचं दुकान थाटलं, तेव्हाही तिचा स्वभाव बदलला नाही. निमिष आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीत बदल करी, दोनदा वाची आणि मगच पान सर्व्हरवर चढवी. चारुलता थेट सर्व्हरवरचं पान उघडून त्यातच लिही. साठवलं की जगाला दिसलं!

"अगं, आमटी पातेल्यात चाखतात, लोकांच्या पानात नव्हे," निमिष चिडवायचा. ती हसण्यावारी न्यायची.

साताऱ्याकडच्या एका गावाची वेबसाइट त्यांच्याकडे होती. ती निवृत्त सुभेदार नाथाजींनी हौसेने करून घेतली होती. गावचे अकरा जण फौजेत होते आणि त्यांची नावं, फोटो एका पानावर होते. नाथाजींचा मुलगा जोतिबाही त्यातलाच. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी गावची पोरं ते पान अभिमानाने बघायची.

जून १९९९. कारगिलची लढाई चालली होती. एका दुपारी नाथाजींचा फोन आला.

"पोरी, आपला धुळा गेला. त्याचं नाव येगळं कर. मी त्याला आणाय पुण्याला निगालोय."

चारुलताला रडू फुटलं. डोळे पुसत तिने सर्व्हरवरचं पान उघडलं, यादीच्या डोक्यावर 'वीरगती' असं लिहिलं आणि इंटरनेटची लाइन तुटेल या भीतीने लगेच साठवलं. आता धुळाचं नाव वर घ्यायचं आणि उरलेल्या दहांवर 'सेवेत' लिहायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात लाइन तुटली आणि तीन तास जोडली गेली नाही.

ते तीन तास अकराही नावं 'वीरगती'खाली होती. पुण्यात गावच्या ऋषिराजने ते पाहिलं आणि गावातल्या एकुलत्या एक फोन बूथवर कळवलं. धुळाची बातमी पोचलेली होतीच, त्यामुळे शंका कुणाला येणार? समजावून सांगतील असे नाथाजी वाटेत होते. अकरा घरांतल्या चुली विझल्या. जोतिबाची आई मनुबाई भिंतीला डोकं आपटत होती आणि शेजारणींनी तिच्या सुनेच्या, दीपमालाच्या, हातातल्या बांगड्या फोडल्या.

संध्याकाळी पान दुरुस्त झालं आणि खरं काय ते कळलं. दीपमालाने नव्या बांगड्या भरल्या. पण नवरा जिता असताना बांगड्या फुटल्या, ही गोष्ट गाव विसरेना.

सव्वीस दिवसांनी जोतिबा गेल्याची तार आली.

"तुजा काय बी दोष न्हाई, पोरी," नाथाजी फोनवर म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण लिहिलं तसं घडलं, हे चारुलताच्या मनातून जाईना. मोडेमची किरकिर सुरू झाली की तिला काचा फुटल्यासारखं ऐकू यायचं. जोतिबाचं नाव हलवायला ती तयार होईना. धुळाचं नाव वेगळं केल्यावर तिने त्या पानाची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती आणि त्या प्रतीला ती कुणाला हात लावू देईना. शेवटी निमिषने जन्मात पहिल्यांदाच थेट सर्व्हरवर बदल केला.

चारुलता मात्र पुरती बदलली. आता सगळं आधी आपल्या प्रतीत, दोनदा वाचून, मगच वर. पंधरा ऑगस्टला नाथाजींच्या सांगण्यावरून तिने पानावर झेंडा लावला. दोनदा वाचलं. जोतिबाच्या नावाशी आली की तिची नजर हल्ली आपोआप पुढे सरकायची, तशी ती आजही सरकली. पान तिने वर चढवलं.

तासाभराने फोन वाजला.

"ताई, मी नाथाजी सुभेदारांची सून."

चारुलताला कळलं, ही दीपमाला. आजवर ही बाई तिच्याशी कधी बोलली नव्हती.

"ऋषिराजचा फोन आल्ता. यांचं नाव सेवेतल्यांत हाय म्हनं."

चारुलताला एका क्षणात उमगलं. निमिषने बदल केला होता तो सर्व्हरवर. तिच्या प्रतीत जोतिबा जिवंतच राहिला होता आणि तीच प्रत तिने आज वर चढवली होती. ती घाईघाईने म्हणाली, "चुकलं माझं, वहिनी. पुन्हा चुकलं. आत्ता काढते, फोन ठेवल्याबरोबर—"

"नगा, ताई."

पलीकडे बूथवर कुणीतरी खोकलं.

"तवा जित्तं असून तीन तास मेल्यांत काढलं त्यांनी. आता एक दिस जित्त्यांत काढू द्या."

फोन ठेवल्यावर चारुलता ढसाढसा रडली. निमिषने पान दुरुस्त करायला हात पुढे केला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. त्या दिवशी दोघांनी त्या पानाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपल्या प्रतीत जोतिबाचं नाव धुळाच्या शेजारी नेलं. मग अकराही नावं मोठ्याने दोनदा वाचली, एकही न गाळता, आणि पान चढवलं.