दारातल्या चपला

ती बाई चारकोपला आमच्या घरी डॉबरमन घेऊन आली, तेव्हा कुत्र्यापेक्षा तीच जास्त दमलेली वाटली. लोकांनी टाकून दिलेल्या डॉबरमनना नवीन घर शोधून द्यायचं काम ती करायची. सोफ्यावर बसली नाही. "बसले की उठवत नाही," म्हणाली आणि खिडक्यांच्या जाळ्या हलवून बघत घरभर फिरली. कुत्रा तिच्या पोटरीला अंग घासत मागे मागे.

"राखणीला घेताय?"

"नाही हो, सोबतीला."

"सगळे तेच म्हणतात. मग सोसायटी कटकट करते, नाहीतर घरात बाळ येतं, आणि मला फोन."

जाताना तिने दारात काढलेल्या झिजक्या चपला घातल्याच नाहीत. पिशवीतून दुसरी जोडी काढली. "त्या राहू देत. त्याला वाटेल मी आतच आहे. रडणार नाही."

कुत्रा त्या चपलांवर हनुवटी टेकून पडून राहायचा. हळूहळू माझ्या पायाशी झोपायला लागला, मी उभा राहिलो की माझ्याच पोटरीला टेकायला लागला. मी खुशीत तिला फोन लावला.

"ताई, रुळला तो. आता तुमच्या चपला टाकून देऊ ना?"

पलीकडे दुसरंच कुठलं तरी कुत्रं भुंकत होतं.

"टाकू नका, दादा," ती शांतपणे म्हणाली. "परत आणून सोडलात, तर पुढच्या घरी लागतील."

मला भयंकर राग आला. फोन ठेवला, चपला उचलल्या आणि खाली जाऊन सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो.